मुंबई–गोवा–लक्षद्वीप क्रूझ: खिडकी नसलेली खोली आणि अडकलेला परतावा

लक्षद्वीपातल्या आगत्ती बेटावरच्या रद्द झालेल्या सहलीचे पैसे परवा एकदाचे खात्यात आले. प्रवास दिवाळीनंतरचा, परतावा भर उन्हाळ्यात. जहाजावर किती मजले, तलाव कुठे, रात्री कसले कार्यक्रम, हे सगळ्यांनी व्हिडिओत बघितलेलं असतं, ते मी गाळते. नवराबायकोने जायचं आहे, हात राखून खर्च करायचा आहे आणि तरी मजा यायला हवी, एवढ्यापुरतंच लिहिते.

आधी दर. जाहिरातीत माणशी २२ हजार होते, आमचं दोघांचं अखेरचं बिल ६१ हजारांवर गेलं. यात लबाडी अशी नाही, पण मांडणी अशी असते की आकडा लहान दिसावा. दर एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि दर रात्रीचं माणशी सेवाशुल्क चढतं. शिवाय वायफाय, दारू, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. म्हणून चौकशी करताना एकच विचारायचं: दोघांचे सगळे मिळून किती? तो आकडा आला की रात्रींनी भागायचा आणि मगच दुसऱ्या सहलीशी ताडून बघायचा. गोव्यातलं बरं हॉटेल, दोन वेळचं जेवण, जाण्यायेण्याचं भाडं धरलं तर क्रूझ महाग पडत नाही. वरची खरेदी केली नाहीत तर. आम्ही वायफाय घेतलंच नाही. किनारा सुटल्यावर फोन विमान मोडवर टाकला आणि ह्यांचा व्हॉट्सअ‍ॅप बंद झाला, हे मला त्या ६१ हजारांत मिळालेलं सगळ्यात मोठं सुख.

आता खोलीबद्दल. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण पैसे इथेच वाचतात किंवा इथेच जातात.

आधीच्या वर्षी आम्ही नुसती मुंबई–गोवा फेरी केली तेव्हा बाल्कनीची खोली घेतली होती. या वेळी लक्षद्वीप लांब, रात्री जास्त, म्हणून ह्यांनी आतली खोली घेतली. खिडकीच नाही. मी तोंड वाकडं केलं. "अहो, समुद्र बघायला जायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचं?" पण ती खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या साधारण मध्यावर होती आणि मला बोट लागते. जहाज पुढेमागे झुलतं तेव्हा नाक आणि शेपूट सगळ्यात जास्त वरखाली होतात, मधला भाग सगळ्यात कमी. जितकं वर जाल तितके डाव्या-उजव्या बाजूचे हेलकावेही जास्त. म्हणजे ज्या उंचावरच्या, टोकाकडच्या बाल्कनीला लोक जादा पैसे मोजतात, तिथेच पोट ढवळतं. गोव्याच्या फेरीत मी एक अख्खी रात्र आलेपाकाच्या वड्या चघळत काढली होती. या वेळी वड्यांची पिशवी न फोडता परत आली.

झोपही तशीच. दिवा मालवला की इतका अंधार की डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसत नाही. मी बाथरूमचा दिवा लावून दार बोटभर उघडं ठेवायचे. एसीचा बारीक आवाज, पलंगाखालून येणारी इंजिनाची हलकी थरथर आणि बस्स. ठाण्यात हायवेला लागून राहणाऱ्या बाईला अशी झोप कुठे मिळते?

आणि समुद्र? तो बाल्कनीतून अर्धाच दिसतो. मुंबईचा बॅलार्ड पिअर धक्का सोडून जहाज बाहेर पडतं तेव्हा कुलाब्याच्या टोकाचं प्रॉंग्जचं दीपगृह उजवीकडे राहतं, थोड्या वेळाने खांदेरी-उंदेरी येतात त्या डावीकडे. खांदेरीवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं दीपगृह आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज आणि सिद्दी दोघेही हात चोळत राहिले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. बाल्कनीवाल्याला यातलं एक दिसतं किंवा दुसरं. आम्ही वरच्या उघड्या डेकवर कठड्याला टेकून दोन्ही बघितलं, फुकट. पुढेही तेच. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. एका बाजूची बाल्कनी घेतली की दुसरी बाजू गेलीच.

तेव्हा आतली खोली, मधली, खालची. मात्र बुकिंग करताना खोलीचा नंबर घ्या. नंबर न देता सगळ्यात स्वस्त म्हणून जी खोली विकतात, तिच्यात कुठे टाकतील त्याचा नेम नाही. नकाशा मागवून वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे तेही बघा. डोक्यावर खुर्च्या सरकवणारं हॉटेल किंवा पायाखाली नाचाचा हॉल आला तर स्वस्ताईचा उपयोग शून्य. वर-खाली खोल्याच असल्या की निर्धास्त.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागतं आणि तिथून पणजी तीसेक किलोमीटर. उतरल्याबरोबर टॅक्सीवाले दिवसभराच्या फिरस्तीचा दर सांगतात, तो ऐकून आम्ही सरळ वास्कोच्या बसस्टँडवर गेलो. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, पणजीला जाणारी बस मिळते, वाटेत झुआरीचा पूल लागतो. पणजीला जेवलो, मांडवीच्या काठाने चाललो आणि वेळेच्या बऱ्याच आधी परत. वेळेची चैन करू नका. जहाजानेच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर सहसा जहाज थांबतं, आपल्या बसला झाला तर थांबत नाही.

मग लक्षद्वीप, म्हणजे ज्यासाठी गेलो तेच. आगत्तीला मोठं जहाज टेकतच नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं लहान बोटींतून आत नेतात. समुद्र जरा फुगला की ही उतराउतरी बंद. आमच्या वेळी बंद झाली. डेकवरून बेट दिसत होतं, नारळाची हिरवी रेघ आणि तिच्या अलीकडे पाण्याचा निळा बदलून फिक्का हिरवा झालेला पट्टा. खाली एक लहान बोट जहाजाला लागायला बघत होती. लाटेबरोबर ती दाराच्या उंबऱ्याच्या वर जायची आणि पुढच्या क्षणी माणूसभर खाली. तिथे साठीच्या माणसांना पाऊल टाकायला लावलं नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. कप्तानाने योग्य तेच केलं.

तक्रार आहे ती बुकिंग करून देणाऱ्या एजन्सीबद्दल. सहलीचे पैसे आम्ही वेगळे भरले होते. जहाजावरच सांगितलं गेलं की रद्द झालेल्या सहलीचे पैसे आणि त्या बंदराचं शुल्क परत मिळेल, ज्यांच्यामार्फत बुकिंग केलं त्यांच्याकडून. एजन्सी म्हणे, कंपनीकडून आलेच नाहीत. मग म्हणे, पुढच्या बुकिंगमध्ये वळते करू. मग फोन उचलणंच बंद. रक्कम काही हजारांची, पण घामाची, आणि वळती का करून घ्यायची? शेवटी मी जहाजावर मिळालेला कागद, भरलेल्या पैशांची पावती आणि सगळ्या ईमेल एकत्र करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक एजन्सीला कळवला. त्यानंतर त्यांचा सूर बदलला आणि पैसे आले. म्हणून सांगते, सहल रद्द झाली तर जहाज सोडण्यापूर्वी रिसेप्शनवरून लेखी घ्या. तोंडी आश्वासन कोणी मानत नाही.

इथपर्यंत लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं, तर ह्यांचं म्हणणं वेगळं निघालं. "अगं, गोव्याच्या वेळी पहाटे बाल्कनीत दोघंच बसलो होतो, ते विसरलीस? डेकवर तसं मिळालं का?" नाही मिळालं, हे खरं आहे. सुट्टीच्या दिवसांत डेकवर सकाळपासून मोठ्याने गाणी सुरू असतात आणि खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवलेल्या असतात. तेव्हा माझं मत थोडं बदलते. नवीन लग्न झालेल्यांनी, एक-दोन रात्रींसाठी जाणाऱ्यांनी आणि ज्यांना बोट लागत नाही त्यांनी बाल्कनी जरूर घ्यावी. त्या एकांताचे पैसे वसूल होतात. रात्री वाढल्या की फरकाची रक्कमही वाढत जाते आणि तेव्हा मी आतल्याच खोलीच्या बाजूने. मधला मार्गही आहे: न उघडणारी खिडकी असलेली खोली. उजेड मिळतो आणि बाल्कनीइतका खिसा कापला जात नाही.

जेवणाला नावं ठेवायला जागा नाही, शाकाहारी आणि जैन दोन्ही व्यवस्थित होतं. चहा मात्र पिशवीचा. आलं घालून उकळलेला हवा असेल तर न्याहारीच्या वेळी वाढप्याला सांगावं लागतं, आणि सांगितलं की आणून देतात.

आगत्ती राहिली आहे. तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही आणि विमानाने गेलं तर राहण्याचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून पुन्हा जहाजानेच जाणार. जानेवारी धरलाय, समुद्र शांत असतो म्हणून, शिवाय नाताळची गर्दी आणि नाताळचे दर दोन्ही उतरलेले असतात. खोली आतलीच. किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे या वेळी आधी भरणार नाही. जहाजावर चढल्यावर, हवामान विचारून भरणार. ज्यांनी अलीकडे तसं केलं असेल त्यांनी सांगा, आयत्या वेळी जागा मिळते ना?