बेसबॉल-रेफरन्सचे सिमिलॅरिटी स्कोअर: आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचा सराव, सुरू झालं तेव्हापासून मी बेसबॉलच्या आकडेवारीच्या बेसबॉल-रेफरन्स या वेबसाइटवरचे सिमिलॅरिटी स्कोअर, म्हणजे दोन खेळाडू आकड्यांत एकमेकांसारखे किती हे सांगणारे गुण, नेमाने बघतेय. आता वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, तोंडावर आली आहे, म्हणजे अख्खा मोसम वापरून झालाय. निमित्त आमच्या ऑफिसातल्या फँटसी लीगचं, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर खेळायच्या स्पर्धेचं. या लीगमध्ये खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडे ठेवता येतात. त्यामुळे आज बावीस वर्षांचा असलेला पोरगा तिशीत कोणाच्या वाटेने जाईल, हे ओळखण्यावर सगळी मदार असते. मी ह्यूस्टनला राहते, वाढले क्रिकेटवर. बेसबॉलचं वेड इथे आल्यावर लागलं.

कुठल्याही फलंदाजाचं पान उघडून तळाशी गेलं की तीन रकाने दिसतात. पहिल्यात संपूर्ण कारकिर्दीत त्याच्यासारखे असलेले दहा जण, दुसऱ्यात त्याच्या आजच्या वयापर्यंत त्याच्यासारखे असलेले दहा जण आणि तिसऱ्यात प्रत्येक वयाला सगळ्यात जवळचा एक. नावापुढे कंसात गुण असतात, आणि हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, असेल तर चांदणी. तरुण खेळाडूसाठी कामाचा आहे तो मधला रकाना.

पद्धत बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांची, १९८० च्या दशकातली. दोन खेळाडू घ्यायचे, १००० पासून सुरुवात करायची आणि फरक दिसेल तसे गुण कापत जायचं. २० सामन्यांच्या फरकाला एक गुण, १५ हिटना (बेसवर पोचवणाऱ्या फटक्यांना) एक, २ होम रनना (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यांना) एक, चोरलेल्या (फटका नसताना पळून गाठलेल्या) २० बेसना एक. बॅटिंग ॲव्हरेजमध्ये (फलंदाजीच्या दर संधीमागे हिट किती) मात्र .००१ चा फरक पडला तरी एक गुण जातो. शिवाय मैदानात क्षेत्ररक्षणाच्या प्रत्येक जागेचे ठरलेले आकडे आहेत, जसे कॅचर २४०, शॉर्टस्टॉप १६८, आउटफिल्डर ४८. दोघांच्या आकड्यांत जेवढं अंतर, तेवढे गुण वजा.

हे अंगवळणी पडावं म्हणून पहिल्याच आठवड्यात वही काढून एक जोडी हाताने सोडवली. व्हॅडा पिन्सन आणि सेझार सेडेन्यो, दोघेही जुन्या काळातले सेंटर फील्डर, म्हणजे मधले आउटफिल्डर, त्यामुळे जागेचे गुण जात नाहीत. सामने २४६९ आणि २००६: गेले २३. हिट २७५७ आणि २०८७: गेले ४४. होम रन २५६ आणि १९९: २८. चोरलेले बेस ३०५ आणि ५५०: १२. ॲव्हरेज .२८६ आणि .२८५: एक. एवढ्यातच १०८ गुण गेले, आणि बाकीचे रकाने अजून शिल्लक होते. पण खरी गोष्ट त्या २८ आणि १२ मध्ये दिसली. ५७ होम रनचा फरक २८ गुणांना पडतो आणि २४५ बेसचा फक्त १२. पळणाऱ्या खेळाडूचं पळणं या मोजपट्टीला जवळजवळ दिसतच नाही.

सेडेन्यो मी मुद्दाम घेतला, तो आमच्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाचा. १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याचं ॲव्हरेज .३२०, दोन्ही वर्षी वीसच्या वर होम रन आणि पन्नासच्या वर बेस. वय २१ आणि २२. तेव्हाचे मॅनेजर लिओ ड्युरोशर यांनी त्याची तुलना थेट विली मेज या महान सेंटर फील्डरशी केली. मेज १९५१ साली न्यूयॉर्क जायंट्समध्ये आला तेव्हा त्याचे मॅनेजर हेच होते, म्हणजे बोलणारा माणूस ऐरागैरा नव्हता. शेवटी मेजचे होम रन झाले ६६०, सेडेन्योचे १९९. आमच्या शेजारच्या आजोबांनी सेडेन्योला ॲस्ट्रोडोममध्ये, ॲस्ट्रोजच्या जुन्या मैदानात, खेळताना पाहिलंय. ते म्हणतात, तो मेज झाला नाही म्हणून लोकांनी तो काय होता हेही पाहिलं नाही. पाच गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) आणि चोरलेले ५५० बेस. मला हे फार लागलं.

एप्रिलमध्ये माझीही तीच चूक झाली. एका तरुण आउटफिल्डरच्या यादीत पहिलंच नाव चांदणीवालं, गुण ९६० च्या वर. मी चांगला कॅचर देऊन त्याला घेतलं. जुलैत तो बाकावर बसला. तेव्हा कुठे यादी खालपर्यंत वाचली: दहातल्या दोघांनाच चांदणी, चौघांची कारकीर्द तिशीच्या आत आटोपलेली. आणि ९६० चं कौतुकही फोल होतं. एक-दोन मोसम खेळलेल्या पोरांचे आकडेच लहान, मग कापायला फरक येणार कुठून? त्या वयात सगळेच एकमेकांसारखे दिसतात. तेव्हापासून मी पहिलं नाव बघणंच सोडलं. दहाही पानं उघडते आणि प्रत्येकाचं पंचवीस ते तीस या वयात काय झालं ते वहीत लिहून काढते. एका खेळाडूला पाऊण तास लागतो, पण अंदाज मिळतो तो याच कामातून.

काळ आणि मैदान या पद्धतीत धरलेलंच नाही, हे सतत लक्षात ठेवावं लागतं. १९६८ साली अख्ख्या मेजर लीगचं ॲव्हरेज .२३७ होतं, इतकं कमी की पुढच्या वर्षी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जिथून टाकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला. त्या काळातले २० होम रन आणि डेन्व्हरच्या विरळ हवेतले आजचे २० होम रन इथे एकाच भावाने मोजले जातात. २०२३ मध्ये बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, पिचरवर घड्याळाचं बंधन आलं आणि चोरलेले बेस २४८६ वरून ३५०३ वर गेले. शरीरयष्टीही इथे नाही. ती बघायची असेल तर पेकोटा बघा, खेळाडूच्या पुढच्या कामगिरीचा अंदाज देणारी, नेट सिल्व्हर यांनी बांधलेली पद्धत. त्यात उंची-वजनही जमेस धरतात. मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवरच्या, पोरांसाठी मी डॅन झिम्बोर्स्की यांचं झिप्स, अशीच अंदाजाची आणखी एक पद्धत, वापरते, कारण तिथे हे रकाने नसतातच. पिचरसाठी मी कुठल्याच यादीवर विसंबत नाही, एक कोपर दुखावलं की सगळं गणित बदलतं.

आणि ताळा म्हणून टॉम टँगो यांचं मार्सेल, अंदाजाची अगदी साधी पद्धत, जरूर ठेवा. मागच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, आकडा सगळ्या खेळाडूंच्या सरासरीकडे थोडा ओढायचा, वयाची किंचित दुरुस्ती करायची, संपलं. पुढच्या एका वर्षाचा आकडा हवा असेल तर मी याच्यावरच भरवसा ठेवते. दहा वर्षांची वाट डोळ्यांसमोर यायला मात्र माणसं लागतात, आणि ती सिमिलॅरिटी स्कोअरच्या यादीत भेटतात, तीही फुकट.

बाबा दादरहून फोनवर विचारतात, “अगं, मग तुमच्यातला पुढचा सचिन कोण?” शिवाजी पार्कवर त्यांनी असे पुष्कळ पुढचे सचिन पाहिलेत. मी त्यांना त्या आउटफिल्डरची यादी वाचून दाखवली, दहाच्या दहा. ते सातव्या नावाशी थांबले, “हा सव्वीसाव्या वर्षापर्यंत बाकावरच होता म्हणतेस?” हो, आणि नंतर नऊ वर्षं रोज खेळला. माझा तो आउटफिल्डर आज तेवीसचा आहे. त्याला मी पुढच्या मोसमासाठी ठेवलाय.