७०-२०० मिमीची झूम लेन्स घ्यायचीय, पण एफ २.८ वाली की एफ ४ वाली? (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि प्रकाश जास्त येतो.)

दोन्ही वापरून झाल्यात. २.८ माझ्याकडे दोनेक वर्षं होती, ती विकली आणि ४ घेतली, म्हणजे पुढचं वाचताना माणूस आधीच एका बाजूला कललेला आहे हे धरून चाला. आत किती काचा, कोटिंग कुठलं, हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही.

शार्पनेसचं आधी उरकतो. जड म्हणजे जास्त शार्प असं मलाही वाटायचं. मग एकाच जागेवरून २.८ वाली एफ ४ ला स्टॉप डाऊन करून, म्हणजे तोंड लहान करून, आणि ४ वाली पूर्ण उघडी ठेवून फोटो काढले, स्क्रीनवर शंभर टक्क्याला शेजारी शेजारी लावले, आणि कुठला कुठल्या लेन्सचा ते मलाच कळेना, शेवटी फाईलचं नाव बघावं लागलं. हे काही मोजमाप नाही हं, डोळ्यांना जे दिसलं ते. अगदी कोपऱ्यात फरक असेलही, पण कोपऱ्यात मी विषय ठेवतच नाही.

मग २.८ मध्ये जास्तीचं मिळतं काय, तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. त्याची किंमत वजनात मोजायची, कारण २०० मिमीला २.८ साठी साधारण ७१ मिमीचं तोंड लागतं आणि ४ साठी ५० मिमीत भागतं, त्यामुळे काचही तशीच वाढते. कॅननच्या ईएफमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या डीएसएलआरच्या लेन्समध्ये, २.८ ची तिसरी आवृत्ती १४८० ग्रॅम आणि ४ ची दुसरी ७८०. तो एक स्टॉप खोटा नाही, अंधाऱ्या हॉलमध्ये एकीला आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२०० पुरतो तिथे दुसरीला ६४०० लागतो, आणि चेहऱ्यामागचं सगळं जसं विरघळतं ना २.८ ला, ते ४ ला तसं होत नाही. हे मी अजूनही मिस करतो.

आता माझं कुठे बिनसलं ते सांगतो. सगळे म्हणतात जड लेन्स घेऊन चालवत नाही. मला चालताना काहीच वाटायचं नाही, बॅग पाठीवर असते की. त्रास थांबल्यावर. पाण्यात बगळा उभा होता, बऱ्यापैकी जवळ, चोच कधी मारेल ते त्यालाच ठाऊक. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा, बॉडी धरून सव्वादोन किलोच्या वर, पहिलं मिनिट ठीक गेलं, दुसऱ्याला खांदा बोलायला लागला, तिसऱ्याला म्हटलं जरा खाली घेऊ, आणि खाली घेतला तेवढ्यात त्याने मासा उचलला. एकदा झालं असतं तर नशीब म्हटलं असतं, पण दर वेळी हेच, तो माझ्यापेक्षा निवांत उभा राहू शकतो आणि तेही एका पायावर! स्टॅबिलायझेशन थरथर सांभाळतं, खाली आलेला हात उचलून देत नाही. मोनोपॉड लावून पाहिला, पण मग पक्षी डोक्यावरून उडाला की ती काठी आडवी येते. शिवाय ट्रायपॉड कॉलरचा, म्हणजे स्टँडवर बसवायला लेन्सभोवती असलेल्या कड्याचा पाय तळहाताला टोचायचा तो वेगळाच, वर फिरवून ठेवायचं मी नेमकं विसरायचो.

४ घेतल्यापासून हात तेवढा वेळ वर राहतो. फोटोत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, थोडा जास्त असतो, मान्य, पण मासा फोटोत असतो. नॉइज घरी बसून कमी करता येतो.

मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर असाल तर हिशेब जरा बदलतो. सोनीची २.८ जीएम १४८० ग्रॅमची होती, २०२१ ची दुसरी आवृत्ती १०४५ वर आली. कॅनन आरएफची (त्यांची मिररलेसची लेन्समालिका) २०१९ ची २.८ १०७० ग्रॅम आणि ४ वाली ६९५, म्हणजे फरक पावणेचारशे ग्रॅमचाच, तिथे मी कदाचित २.८ कडे वळलो असतो. कदाचित. पण या दोन्ही आरएफ लेन्सना टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा मधला जोड) बसत नाही, १.४ पटीचा लावून पक्षी करायचा बेत असेल तर हे आधी बघा, नंतर फार चुटपुट लागते.

स्टेज, हॉल, संध्याकाळचे सामने हेच मुख्य काम असेल तर माझं ऐकू नका, २.८ च घ्या. बाकीच्यांनी निदान दोन्ही हातात घेऊन तीन मिनिटं डोळ्याला लावून उभं राहून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे. माझी २.८ ज्याने घेतली तो स्टेजचे फोटो काढतो आणि खूश आहे, मला वर्षातून एकदोनदा लागते तेव्हा त्याच्याकडूनच मागून आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत देतो.