चंद्र बघून सुई, की सानफूचा लेप?

चिनी वैद्यकात कॅलेंडर बघून उपचार घ्यायचे ठरवलं की दोन वाटा दिसतात: चंद्रकलेनुसार सुया टोचून घेणं, किंवा उन्हाळ्यातल्या ‘सानफू’च्या, म्हणजे कडक उकाड्याच्या तीन टप्प्यांच्या (‘फू’) दिवसांत पाठीवर औषधी लेप लावणं. दोन्हींना सरसकट ‘चांद्र उपचार’ म्हणतात. ते चूक आहे, आणि त्यापायी माणसं भलत्याच दिवशी वेळ घेऊन बसतात.

चंद्राचा नियम ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथातला. चंद्र वाढू लागला की ‘काढणारी’ (अंगातलं जास्तीचं कमी करणारी) सुई नको, पौर्णिमेला ‘भरणारी’ (उणं भरून काढणारी) नको, अमावास्येला उपचारच नको. काही दुखण्यांसाठी तर टोचण्याही तिथीवर बांधल्या आहेत: पहिल्या दिवशी १, पंधराव्या दिवशी १५, सोळाव्याला १४, मग उतरत्या. चिनी महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो, आपल्यासारखा प्रतिपदेला नाही. आपल्या पंचांगावरून मोजलं तर दिवसाची गल्लत होते.

सानफूचा चंद्राशी संबंधच नाही. तो सूर्यावर आणि दहा दिवसांच्या चक्रावर चालतो. चक्रातला सातवा दिवस ‘गंग’. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसानंतरचा तिसरा गंग म्हणजे पहिला फू, चौथा म्हणजे मधला, आणि ७ ऑगस्टच्या आसपास चिनी शरद ऋतू लागला की त्यानंतरचा पहिला गंग म्हणजे शेवटचा. २०२५ मध्ये २० जुलै, ३० जुलै, ९ ऑगस्ट; २०२६ मध्ये १५ जुलै, २५ जुलै, १४ ऑगस्ट. मधला फू कधी १० दिवसांचा, कधी २० दिवसांचा असतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा यंदा चालत नाहीत.

लेपाची कृती वैद्य चांग लू यांच्या १६९५ च्या ग्रंथात आहे. पांढऱ्या मोहरीची पूड आणि येनहूसुओ प्रत्येकी १ ल्यांग (जुनं चिनी वजन), गानसुई आणि शीशिन प्रत्येकी अर्धा (येनहूसुओ, गानसुई, शीशिन या चिनी औषधी वनस्पती), किंचित कस्तुरी, सगळं आल्याच्या रसात कालवलेलं. दहा दिवसांच्या अंतराने तीनदा लावायचं. मुख्य जागा फेइशू: छातीच्या तिसऱ्या मणक्याखाली, मध्यरेषेपासून दोन बोटं बाजूला, दोन्हीकडे. आज मोठ्यांना साधारण २ ते ६ तास ठेवतात, मुलांना बरंच कमी.

बिघडतं ते मोहरीमुळे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झिणझिण्या येतात, तसंच तिखट द्रव्य पूड ओली होताच इथेही तयार होतं आणि कातडी भाजते. मोहरी आधी भाजून घेतली की जहालपणा उतरतो. फोड आला म्हणजे गुण आला, असं समजून लेप ताणू नका. आग असह्य झाली की लगेच काढा, फोड फोडू नका. गानसुई विषारी आहे, तेव्हा हा लेप घरी करूच नये. गरोदरपणात, तापात, कातडी फाटलेली असताना किंवा जखमेचे व्रण फुगत असतील तर नकोच.

थंडीत उसळणारा जुना दमा, पातळ पांढरा कफ, सकाळच्या शिंका असतील तर सानफू बघा. तीन उन्हाळे सलग घेण्याची पद्धत आहे. कफ पिवळा, अंगात उष्णता असेल तर थांबा. ठरावीक तारखेमुळेच गुण येतो हे भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही, म्हणून इनहेलर बंद करू नका.

कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर सुई घ्या, पण चंद्रासाठी खोळंबू नका. आठवड्याला दोन-तीन बैठका लागतात. अमावास्या-पौर्णिमा टाळत बसलात तर सलगता तुटते.

उन्हाळा हुकलाच तर डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवसांनी ‘सानच्यू’चा लेप असतो: चीनमध्ये २०२६ साली २२ आणि ३१ डिसेंबर, मग ९ जानेवारी.