डेस्कटॉपचा पंखा घोंघावतोय: साफ करायचा, मंद करायचा की बदलायचा?

डेस्कटॉपचा आवाज वाढला की दुकानात पहिला सल्ला मिळतो, "कूलर बदलून टाका," म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, दोन्ही. कधीकधी तो बरोबरही असतो. पण त्याआधी तीन स्वस्त वाटा आहेत आणि त्यातली कुठली तुमची, हे आवाजावरूनच कळतं. म्हणून आधी नीट ऐका.

आवाजाच्या दोन जाती आहेत. एक वाऱ्याचा: काम वाढलं की चढतो, काम संपलं की उतरतो. दुसरा घासण्याचा: खरखर, घरघर, सकाळी मशीन थंड असताना जास्त, आणि कॅबिनेटवर थाप मारली की क्षणभर बदलणारा. वाऱ्याचा आवाज असेल तर पंखा ठणठणीत आहे, त्याच्यावर काम जास्त पडतंय. घासण्याचा असेल तर बेअरिंग, म्हणजे पंखा ज्यावर फिरतो तो भाग, गेलंय आणि तिथे साफसफाई, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप), बायोस (मशीनची मूळ सेटिंग) यातलं काहीच कामाचं नाही. एकसुरी टिकटिक असेल तर आधी आत बघा, एखादी वायर पात्यांना लागत असते. दोन रुपयांच्या केबल टायने काम होतं.

नेमका कुठला पंखा ओरडतोय हे शोधायला कॅबिनेटची बाजू उघडा, मशीन चालू ठेवा आणि पेन्सिलीमागचं खोडरबर पंख्याच्या मधल्या गोल भागावर अलगद टेकवा. पात्यांवर नाही, मध्यावर. दोन सेकंद पंखा थांबवला आणि आवाज बंद झाला, की चोर सापडला. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याला मात्र हात लावायचा नाही. तिथे वर्तमानपत्राची सुरनळी करून कानाला लावा आणि मागच्या जाळीजवळ ऐका.

साफसफाई आणि पेस्ट

वाऱ्याचा आवाज असेल तर सुरुवात इथूनच. खर्च सगळ्यात कमी, फरक बहुतेक वेळा सगळ्यात जास्त. पण अर्धवट केली तर वाया जाते, आणि लोक ती अर्धवटच करतात. माझ्या ताईच्या नाशिकच्या घरी जुनं, इंटेल आय-थ्री प्रोसेसरचं मशीन आहे. भावजींनी दर दिवाळीला ब्लोअर मारलेला, पाती चकचकीत, तरी आवाज तोच. मी कूलरवरचा पंखा क्लिपा काढून उचलला, तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांवर धुळीचा सलग थर बसलेला. बोटांनी धरला तर जुन्या गादीतल्या कापसासारखा अख्खाच्या अख्खा उचलला गेला. वारा पट्ट्यांपर्यंत पोचतच नव्हता. वरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट घट्ट बसतो.

म्हणून पंखा वेगळा करा आणि हीटसिंक ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, कारण वाऱ्याने पंखा अतिवेगात फिरला तर बेअरिंगला त्रास होतो. हीटसिंकसकट अख्खा कूलर काढलात तर जुनी, वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. एएमडीच्या एएम-फोर सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) मदरबोर्डावर कूलर सरळ वर खेचू नका. पेस्ट चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. इंटेलच्या पुश-पिनवाल्या कूलरची गंमत वेगळी: चारपैकी एक पिन नीट बसली नाही तर कूलर तिरका राहतो, प्रोसेसर तापतो आणि पंखा पूर्वीपेक्षा जास्त ओरडतो. बोर्डाच्या मागून चारही पिना आरपार आल्यात का ते पाहा.

बायोसमधून वेग कमी करणं

फुकट आहे, पण मशीन स्वच्छ असेल तरच करा. तुंबलेल्या हीटसिंकवर वेग उतरवणं म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर लपवणं.

याचा फायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. वेग 2000 आरपीएमवरून (मिनिटाला फेऱ्या) 1500 केला तर हवा पाव भागाने घटते, आवाज मात्र साधारण 6 डेसिबलने उतरतो. 1000 वर आणला तर हवा निम्मी आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने कमी. 10 डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्मा वाटतो, म्हणजे सौदा चांगलाच आहे. मी प्रोसेसरच्या 50 अंश तापमानापर्यंत पंख्याचा वेग 40 टक्के, 70 ला 60 टक्के आणि 85 च्या पुढे पूर्ण वेग असं ठेवतो.

पंखा सारखा वर-खाली होत असेल तर त्याचं कारण वेगळं असतं. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचं तापमान सेकंदभर उसळी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बऱ्याच बोर्डांवर वेग वाढवण्याआधी किती सेकंद थांबायचं ते ठरवता येतं. दोन-तीन सेकंद द्या. आणि एखादा पंखा सुरुवातीपासून पूर्ण वेगातच असेल तर त्याच्या पिना मोजा. तीन पिनांचा पंखा असून बायोसमध्ये पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनेतून वेग ठरवण्याची पद्धत) निवडलेलं असेल तर तो कधीच मंद होत नाही. तिथे डीसी (व्होल्टेज कमी करून वेग उतरवण्याची पद्धत) करा, संपलं.

नवा पंखा की तेल?

घासण्याच्या आवाजाला उपाय एकच, पंखा बदलणं. स्टिकर सोलून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडण्याची घरगुती युक्ती साध्या स्लीव्ह बेअरिंगवर चालते, पण तात्पुरती. नवा पंखा येईपर्यंत ठीक. खोबरेल मात्र अजिबात नको, थंडीत ते थिजतं.

कॅबिनेटचा पंखा बदलणं सगळ्यात सोपं, चार स्क्रू. माप चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घ्या, तिरकं नाही. 120 मिलिमीटरचा बसत असेल तर 80 चा घेऊ नका. तेवढ्याच हवेसाठी मोठा पंखा सावकाश फिरतो. चार पिनांचा आणि फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगवाला (तेलाच्या पातळ थरावर फिरणारा) मागा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर जुना पंखा सोबत न्या, पिन आणि माप दोन्ही तिथेच जुळवता येतात.

नवा कूलर

साफसफाई झाली, पेस्ट नवी, तरी पूर्ण कामात तापमान 85 च्या वर आणि पंखा टिपेला, असं असेल तरच. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर एडिटिंग किंवा गेमिंगला कमी पडतो, हे खरं आहे. तिथे हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) आणि 120 मिलिमीटरचा पंखा असलेला टॉवर कूलर घ्या. फरक पहिल्या रात्रीच कळतो. घेण्याआधी प्रोसेसरपासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंतची जागा मोजा. हे कूलर 150 मिलिमीटरच्या पुढे उंच असतात आणि स्वस्त कॅबिनेटचं झाकण मग लागत नाही. बोर्डाचं सॉकेटही सांगा. इंटेलच्या एलजीए 1700 सॉकेटभोवतीची भोकं एलजीए 1200 पेक्षा एकमेकांपासून थोडी लांब आहेत, जुनी क्लिप बसत नाही.

लिक्विड कूलर शांततेसाठी घेऊ नका. त्यात पंखे असतातच, वर पंपाची स्वतःची गुणगुण चोवीस तास.

एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड

एसएमपीएस घरघरत असेल तर तो उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. वॉरंटीत असेल तर द्या, नसेल तर अख्खा बदला. इथे पैसे वाचवायचे नसतात.

ग्राफिक्स कार्ड फक्त गेममध्ये ओरडत असेल तर आधी फ्रेम रेटला (सेकंदाला काढल्या जाणाऱ्या चित्रांना) मॉनिटरइतकी मर्यादा घाला, म्हणजे 60 किंवा 75. नुसता मेन्यू उघडा असतानाही कार्ड शेकडो फ्रेम काढत बसतं. मर्यादा घालूनही आवाज उतरला नाही तरच कार्ड खोलायचा विचार करा, आणि तेव्हा पंखे त्याच मॉडेलचे मिळतात का हे आधी बघून ठेवा.