पोर्तुगाल, ब्रिटन की कॅनडा: भाषेची अट कुणाला किती जड?

फोंडा-डिचोलीकडे बाहेर जायचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, परीक्षा कुठली सोपी? त्याआधी घरात कुणाला किती लिहिता-वाचता येते ते बघा. नुसते बोलणे कुठे चालते आणि कुठे कागदावर उतरवावे लागते, यावरच बहुतेकांचे जमते किंवा फिसकटते.

पोर्तुगालबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्याची जन्मनोंद लिस्बनला झाली आणि तिच्या आधाराने मुलाची झाली, तर पोर्तुगीज नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षाच नाही. मधली पिढी गाळून नातवाने थेट आजोबांच्या आधारावर अर्ज केला, तर पोर्तुगीज येते हे दाखवावे लागते. तिथे राहून नागरिकत्व मागणाऱ्यालाही ए2 पातळी हवी (युरोपात भाषा ए1 ते सी2 अशा चढत्या पायऱ्यांत मोजतात). त्यासाठीच्या सिप्ले परीक्षेत वाचन-लेखनाला 45 टक्के, ऐकण्याला 30, बोलण्याला 25 आणि उत्तीर्ण व्हायला एकूण 55. कामावर बोलून निभावणारा इथे लेखनात मार खातो. नोंदणीची वाट धरणाऱ्यांचे घोडे मात्र नावावर अडते. जुन्या दाखल्यात 'कामोतीम' आणि शाळेच्या दाखल्यात 'कामत' असेल, तर ते आधी निस्तरा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हेही घरात आधीच बोलून घ्या.

ब्रिटनचे उलटे आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या मुदतीत स्विंडनसारख्या इंग्लंडमधल्या गावी पोचलेल्यांना युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेतून सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, भाषेच्या परीक्षेशिवाय मिळाला. नागरिकत्वाला मात्र बी1 लागते, फक्त बोलणे आणि ऐकणे. हे ऐकून आई-वडील निर्धास्त होतात आणि 'लाइफ इन द यूके'त अडकतात. ती ब्रिटनच्या माहितीवरची, संगणकावर वाचून द्यायची परीक्षा आहे: 45 मिनिटांत 24 प्रश्न, 18 बरोबर हवेत, नापास झाल्यास पुन्हा 50 पौंड. म्हणजे वाचता येणे मागच्या दाराने आलेच. 65 पूर्ण झालेल्यांना दोन्ही माफ. दुसरी नेहमीची चूक म्हणजे इंग्रजीची साधी आयईएलटीएस परीक्षा देणे. यूकेव्हीआयसाठीची (ब्रिटनच्या व्हिसा खात्याला चालणारी) किंवा आयईएलटीएसचीच लाइफ स्किल्स बी1 हवी, नाहीतर गुण कितीही चांगले असोत, उपयोग शून्य. गोवा विद्यापीठाची इंग्रजी माध्यमाची पदवी चालते, पण परदेशी पदव्या पडताळणाऱ्या एक्टिस या ब्रिटिश संस्थेचे प्रमाणपत्र जोडून. नव्याने स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी, जाणाऱ्याला 8 जानेवारी 2026 पासून लेखनासह चारही अंगांत बी2 लागते.

कॅनडात खरी चाळण पीआरलाच, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यालाच लागते. त्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर गटाला सीएलबी (कॅनडाची भाषा-मोजपट्टी) 7, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये चारही विभागांत किमान 6. लेखनात साडेपाच पडले की बाकीचे आठ-आठ असूनही अपात्र. तिथे 150 शब्दांचे पत्र आणि 250 शब्दांचा निबंध असतो. पत्रावर वेळ घालवून निबंध अर्धवट सोडणारे पुष्कळ, आणि गुण जास्त निबंधालाच. निकाल दोन वर्षेच चालतो. पुढे नागरिकत्वाला 18 ते 54 वयासाठी सीएलबी 4, तेही बोलणे-ऐकणे. इंग्रजी माध्यमातल्या शिक्षणाचा पुरावाही चालतो. कॅनडाविषयीच्या ज्ञानचाचणीत 20 पैकी 15 हवेत.

जर्मनीत नागरिकत्वाला बी1 लागते, लिहिण्या-वाचण्यासकट. नागरिकत्व चाचणीत 33 पैकी 17 पुरतात आणि प्रश्नसंच आधीच जाहीर असतो.

जाता जाता: भारतीय नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसालाही आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते. मोरजीत स्थिरावलेल्या रशियनाला मराठी किंवा कोकणी दोन्ही चालतील.

लिस्बनची जन्मनोंद लागू असेल तर आम्ही आधी पोर्तुगालची फाइल काढायला सांगू. पदवीधर आणि पस्तिशीच्या आतले असाल तर कॅनडा. सोबत पासष्टीच्या आतली, कमी शिकलेली आई न्यायची असेल तर ब्रिटनचे गणित तिच्या वाचनावर मांडा.