लालबागच्या दुकानात किविक्स : दीड वर्ष रोज वापरून

माझं लालबागला झेरॉक्सचं दुकान आहे, चिवडा गल्लीपासून दोन मिनिटांवर. पूर्वी ते सहा कॉम्प्युटरचं सायबर होतं. आता दोनच कॉम्प्युटर उरलेत आणि मागच्या खोलीत १४ खुर्च्यांची अभ्यासिका चालते. बहुतेक एमपीएससीची मुलं, बाकी दहावी-बारावीची. या अभ्यासिकेत मी किविक्स नावाचं सॉफ्टवेअर लावलं आहे. नेट नसताना अख्खा विकिपीडिया वाचता येतो तो याच्यामुळे. पैसे एकही लागत नाही. दीड वर्ष रोज वापरल्यावर आता त्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं.

पण आधी १८ जानेवारी २०१२ सांगते, कारण मला हे का हवं होतं ते तिथे आहे.

बुधवार होता. जानेवारी म्हणजे शाळांच्या प्रोजेक्टचा महिना, दुकानात सकाळपासून आयांची रांग. सातवीतली एक मुलगी ज्वालामुखीवर माहिती काढायला बसली होती. साडेदहा झाले असतील. तिने इंग्रजी विकिपीडिया उघडला, लेख क्षणभर दिसला आणि त्यावर काळोख उतरला. अख्खा पडदा काळा, मध्ये थोडा इंग्रजी मजकूर. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच. मी केबलवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणत राहिला, "वहिनी, लाइन चालू आहे, दुसरं काही उघडून बघा ना." उघडलं. रेल्वेचं तिकीट निघत होतं, मेल येत होते.

मग मी तो मजकूर वाचला. मुक्त ज्ञान नसलेल्या जगाची कल्पना करा, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिकेच्या संसदेत दोन विधेयकं आहेत, ती आली तर मोकळं इंटरनेट धोक्यात येईल, म्हणून आम्ही २४ तास बंद आहोत. खाली एक चौकट होती, झिपकोड टाका आणि आपल्या लोकप्रतिनिधीला कळवा. ती मुलगी मला विचारते, "काकू, ४०००१२ टाकू का?"

मी तिला समजावलं की हा त्यांच्या देशाचा पिनकोड आहे, पाच आकडी असतो. तिच्या आईला घाई होती, कामावर जायचं होतं. कोपऱ्यात बसलेल्या कॉलेजच्या एका मुलाने तेवढ्यात एस्केपचं बटण वेळेवर दाबून लेख काळा होण्याआधीच थांबवून दाखवला. विकिपीडियावाल्यांनी ती फट मुद्दाम राहू दिली होती, मोबाइलवरची आवृत्तीही उघडी होती. पण तेव्हा असा मोबाइल आमच्या गल्लीत किती जणांकडे होता? मराठी विकिपीडियाही चालू होता, बंद होता तो इंग्रजी. ते मला दुपारी कळलं. मुलीचं प्रिंट मी पैसे न घेता काढून दिलं आणि बाकी दिवसभर त्या विधेयकांबद्दल मिळेल ते वाचत बसले.

एकाचं नाव सोपा (SOPA), दुसऱ्याचं पिपा (PIPA). सोपा लमार स्मिथ यांनी ऑक्टोबर २०११मध्ये खालच्या सभागृहात मांडलं होतं, पिपा पॅट्रिक लेही यांनी त्याआधी मे महिन्यात सिनेटमध्ये. हेतू चोरीचे सिनेमे आणि गाणी विकणाऱ्या परदेशी साइट रोखण्याचा. हेतूबद्दल माझं भांडण नाही. पेन ड्राइव्ह घेऊन "नवा पिक्चर भरून द्या" म्हणणारे माझ्याकडे रोज यायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. सिनेमा करणाऱ्याचं घर त्याच्यावर चालतं, हे मला समजतं. माझं दुखणं वेगळं होतं. एखाद्या साइटवर कोर्टाचा आदेश आला की सर्च इंजिनाने तिचं नाव गाळायचं, पैशांचे व्यवहार बघणाऱ्यांनी व्यवहार तोडायचे, जाहिरात देणाऱ्यांनी हात काढायचा. सुरुवातीच्या मसुद्यात तर इंटरनेट देणाऱ्यांनी त्या साइटचं नाव टाकणाऱ्याला तिचा पत्ताच सांगायचा नाही, असंही होतं. म्हणजे चोर राहिला बाजूला, पहाऱ्याचं काम मधल्या प्रत्येकावर.

आणि मी स्वतः मधलीच होते. आपल्या आयटी कायद्यात 'मध्यस्थ' म्हणजे कोण, याची जी व्याख्या आहे तिच्यात सायबर कॅफे नाव घेऊन लिहिलेलं आहे. ११ एप्रिल २०११ला आमच्यासाठी नियम आले. येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, रजिस्टरमध्ये नोंद करा, ती वर्षभर जपा, कोण काय बघतो त्याची नोंदही वर्षभर ठेवा. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. मी सुताराला बोलावून सहा पार्टिशनं कापून घेतली. त्याच दिवशी बाकीच्या मध्यस्थांसाठीही नियम निघाले होते. तक्रार आली की ३६ तासांत कारवाई करा. तक्रार खरी की खोटी हे मधल्याने कसं ठरवायचं? घाबरलेला माणूस काढून टाकतो. मीही तेच केलं असतं, दुकान चालवायचं असतं.

म्हणून ते काळं पान मला दूरच्या देशाचं वाटलं नाही. त्या दिवशी १ लाख १५ हजारांहून जास्त साइटनी बंदमध्ये भाग घेतला, विकिपीडियाचं ते पान १६ कोटींवर लोकांनी पाहिलं, ८० लाखांवर लोकांनी आपला प्रतिनिधी शोधला. गूगलने बंद न ठेवता बोधचिन्हावर काळी पट्टी ओढली आणि ७० लाखांवर सह्या जमवल्या. २० तारखेला दोन्ही विधेयकं बाजूला ठेवली गेली. दोन दिवसांत! आम्ही दुकानदार शटर ओढायला कायम तयार असतो, पण शटर ओढून कायदा थांबल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तीन-चार मुली नुसत्या आपल्या जुन्या पोस्ट पुसायला आल्या. मी त्यांच्याकडून तासाचे पैसे घेतले नाहीत. ज्या कलमाखाली हे झालं ते आयटी कायद्यातलं ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. ३६ तासांच्या नियमाचाही अर्थ कोर्टाने तेव्हाच आखून दिला : मजकूर काढायचा तर कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश हवा. ती बातमी मी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली होती. अजून आहे, पिवळी पडली आहे.

आता किविक्स. ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्ली हायकोर्टाने विकिपीडियावरचं एक पान ३६ तासांत उतरवायला सांगितलं. तिथे चालू असलेल्या एका खटल्याबद्दलचं ते पान होतं. ते उतरलं आणि जगभर कुठेच दिसेना. (सुप्रीम कोर्टाने तो आदेश ९ मे २०२५ला रद्द केला.) ३६ हा आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला. २०१२ला त्यांनी आपल्या हाताने दिवा मालवला होता, दुसऱ्या दिवशी लावला. दुसऱ्याच्या हातात बटण गेलं तर आपण काय करणार? अभ्यासिकेतल्या एका मुलाला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, किविक्स घ्या. आपल्या डिस्कवर राहील."

किविक्स २००७ला सुरू झालं. साइटची अख्खी प्रत एका फाइलमध्ये दाबून भरलेली असते, तिला झिम म्हणतात. फाइल एकदा उतरवली की वाचायला नेट नको. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या वर जातो. बिनचित्रांची आवृत्ती बरीच लहान, आणि प्रत्येक लेखाची फक्त सुरुवात असलेली त्याहून लहान. मराठीची फाइल इंग्रजीपुढे अगदी छोटी, साध्या फोनातही मावते. विक्शनरी हा शब्दकोश आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गची फुकट पुस्तकं आहेत, फक्त वैद्यकीय लेखांचा वेगळा संच आहे. तो मी आमच्या चाळीतल्या नर्सबाईंना फोनमध्ये घालून दिला, त्या रात्रपाळीला वाचतात.

मोठी फाइल मी टोरंटने, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्यांनी, उतरवली. टोरंट म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, चोरीच्या सिनेमाचं साधन म्हणून. किविक्सवाले स्वतः टोरंट देतात, आणि विकिपीडियाचा परवानाच असा आहे की श्रेय देऊन, त्याच अटींवर कुणीही प्रत काढावी, वाटावी. साधनावर बंदी घालायला निघालेल्या प्रत्येकाला मला हे दाखवायचं आहे. तीन रात्री लागल्या.

दुकानात वापरायची सोय फार सुंदर आहे. कॉम्प्युटरवरच्या किविक्समध्ये लोकल सर्व्हर सुरू करायचं, तो एक पत्ता देतो. मी तो पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला आहे. मुलं दुकानाच्या वायफायवर येऊन फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकतात आणि विकिपीडिया उघडतो. बाहेरची लाइन तुटलेली असली तरी उघडतो. गेल्या पावसाळ्यात केबल तुटून दोन दिवस नेट नव्हतं, तेव्हा चौदाही खुर्च्या भरलेल्या होत्या. आणखी एक फायदा मी आधी धरलाच नव्हता. वाचता वाचता मुलं रील्सकडे घसरत नाहीत, कारण त्या पत्त्यावर पुस्तकांशिवाय काही नाहीच. कोण काय वाचतं याची नोंद मी ठेवत नाही. कित्येक वर्षं रजिस्टर भरल्यावर मला याचं फार समाधान आहे.

खरेदी करताना मी एक ठेच खाल्ली, ती तुम्ही खाऊ नका. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून २५६ जीबीचं कार्ड स्वस्तात घेतलं. कॉम्प्युटर २५६ दाखवत होता, फाइल गेली, पण निम्मे लेख उघडेनात. कार्ड आत ३२चंच होतं. दुकानदाराने बदलून दिलं नाही. कार्ड पूर्ण भरून तपासणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, आधी ती चालवा. दुसरं म्हणजे फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, कार्ड एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावं लागतं. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

मर्यादा स्पष्ट सांगते. ही प्रत आहे, फाइल ज्या दिवशी बनली त्या दिवसापर्यंतचीच. चालू घडामोडींसाठी एमपीएससीच्या मुलांनी यावर अवलंबून राहू नये, मी तसं पुठ्ठ्यावर लिहिलं आहे, फाइलच्या तारखेसकट. लेखात चूक दिसली तर इथून दुरुस्त करता येत नाही. लेखामागची चर्चा आणि जुने बदलही यात नसतात. कुठल्या वाक्यावर भांडण झालं, कुणी काय खोडलं, ते कळत नाही. मला ते खटकतं, कारण विकिपीडियावर विश्वास ठेवायचा तर ते भांडण दिसायला हवं. चित्रं लहान केलेली असतात, नकाशावरची बारीक अक्षरं कधी वाचता येत नाहीत. आणि मराठी : १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी सुरू झालेला आपला विकिपीडिया अजून कितीतरी विषयांवर चार ओळींत संपतो. त्यात भर घालायची ती आपणच, नेट चालू असताना. अभ्यासिकेतल्या दोन मुलींनी गिरणगावाबद्दल लिहायला घेतलं आहे, मी त्यांच्याकडून त्या दिवसांची फी घेत नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा त्या न दिसणाऱ्या चर्चेसाठी कापला.

नवी फाइल या रविवारी रात्री उतरवायला लावणार आहे. कुणाला भरून हवी असेल तर तपासलेलं, एक्सफॅट केलेलं २५६ जीबीचं कार्ड किंवा डिस्क बुधवारपर्यंत आणून द्या. फक्त मराठी हवी असेल तर फोन घेऊन या, उभ्या उभ्या होईल. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.