जर्मनीला आधी एकट्याने जावं की सगळ्यांनी एकदम?

जर्मनीतल्या नोकरीचं पत्र हातात पडलं की घरात पहिला प्रश्न हाच निघतो. आमच्याकडे नवरा जानेवारीत म्युनिकला गेला, मी आणि लेक मे महिन्यात गेलो. आमच्याच इमारतीत राहणारं नाशिकचं एक कुटुंब मात्र चौघंही एकदम आलं होतं. दोन्ही घरं आज नीट मार्गी लागली आहेत, पण अडचणी अगदी वेगवेगळ्या जागी आल्या. म्हणून हे सविस्तर लिहिते.

तिथली सगळी कागदपत्रं एका पत्त्यावर टांगलेली असतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला सगळे 'आनमेल्डुंग'च म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. नोंद झाली की 11 आकडी करक्रमांक टपालाने घरी येतो. बँक, विमा, निवास परवाना, मुलांची शाळा, सगळीकडे हा पत्ता विचारतात. त्यामुळे विमानाची तिकिटं काढण्याआधी एकच गोष्ट विचारा: पहिल्या घराचा मालक नोंदणीचा कागद देणार का? कमी भाड्याच्या पोटभाड्याच्या खोल्यांमध्ये बरेचदा 'नाही' असंच उत्तर येतं. एकट्या माणसाला तशा खोलीत चार आठवडे काढून दुसरी शोधता येते. दोन मुलं आणि आठ बॅगा घेऊन ते जमत नाही.

कागद मिळूनही नवऱ्याचं एकदा अडलं. पत्रपेटीवर मूळ भाडेकरूचं नाव होतं. तिथे पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, फ्लॅट नंबर नसतोच. करक्रमांकाचं पत्र परत गेलं. तिथे पगारावरच्या कराचे सहा वर्ग असतात. क्रमांक वेळेत मिळाला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत जड, कर कापला जाऊ शकतो. त्याचा पहिला पगार तसाच कापून आला. पैसे पुढे परत मिळाले, पण घराच्या अनामतीची जुळवाजुळव नेमकी त्याच महिन्यात चालली होती. शेवटी वहीच्या कागदावर आडनाव लिहून त्याने ते सेलोटेपने पेटीवर चिकटवलं, तेव्हा टपाल सुरू झालं.

एकट्याने आधी जाण्याचा खरा फायदा आहे तीन पगारपत्रकांचा. कायमचं घर भाड्याने देताना मालक शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि शूफाचा, म्हणजे पतनोंदीचा, दाखला मागतात. नव्याने आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. एप्रिलमध्ये नवऱ्याच्या हातात ती तीन पत्रकं आली आणि तोवर उत्तरही न देणाऱ्या मालकांकडून घर बघायला बोलावणी येऊ लागली. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून जे भाडं उरतं त्याच्या तिप्पट असते, आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. शिवाय पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती खोली. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून दोन पाईप बाहेर आलेले. आम्ही पोचलो तेव्हा हे सगळं बसवून झालं होतं. पहिल्या रात्री लेकीला गरम वरण-भात मिळाला, याचं मोल मी कमी मानत नाही.

नाशिककरांना कंपनीने तीन महिन्यांसाठी फर्निश्ड फ्लॅट दिला होता, नोंदणीच्या कागदासकट. त्यांची नोंद एका अपॉइंटमेंटमध्ये झाली. बालभत्ता (2026 पासून दर मुलामागे महिना 259 युरो) लगेच सुरू झाला. लेक भारतात असताना आम्हाला तो मिळाला नाही. पण तीन महिने संपताना त्यांना घर मिळेना, आणि दुप्पट भाडं देऊन त्याच फ्लॅटमध्ये मुदत वाढवावी लागली.

करात एकट्याचं नुकसान होतं ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. जोडीदार भारतात असेपर्यंत पहिल्या वर्गाने, म्हणजे एकट्या माणसासारखा, जास्त कर कापला जातो हे खरं. पण तो किंवा ती त्याच वर्षात, अगदी नोव्हेंबरमध्ये जरी राहायला आली, तरी त्या वर्षाचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं. डिसेंबर आणि जानेवारी यांतलं निवडायचं असेल तर डिसेंबरमध्ये या.

आरोग्य विम्यात एकट्याने गेलेला माणूस फसतो. पगार मर्यादेच्या वर असेल (2025 साली ती वर्षाला 73,800 युरो होती) तर खासगी विमा घेता येतो, आणि तरुण एकट्याला तो स्वस्त दिसतो. कुटुंब आलं की तिथे माणशी वेगळा हप्ता पडतो. सरकारी विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. मागाहून कुटुंब येणार असेल तर सरकारीच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन.

ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा निवास परवाना, असेल तर जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि आल्या आल्या नोकरीही करता येते, मग आधी येवो वा नंतर.

नावांचं काम मात्र दोन्ही मार्गांत निघण्याआधीच करा. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. त्यातून पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, म्हणून तिथल्या नोंदीत नवऱ्याचं नाव माझ्याच नावाचा भाग झालं आहे आणि प्रत्येक सरकारी पत्र तसंच येतं. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव घातलेलं आहे ना, हेही बघा. पुष्कळ दाखल्यांवर ती जागा रिकामीच राहिलेली असते आणि तिकडून ती भरून घेणं फार जड जातं.

माझा सल्ला असा: कंपनी नोंदणीसह निदान सहा महिन्यांचं घर देत असेल आणि मुलं लहान असतील तर एकदमच जा. तीन महिन्यांचं किंवा काहीच देत नसेल तर एकाने पुढे व्हावं. फक्त घरच्यांना आणायला तो भारतात परत येणार असेल तर आपल्या व्हिसाची मुदत आधी तपासावी, कारण निवास परवान्याची अपॉइंटमेंट लांबते. मूल शाळेत जाणारं असेल तर बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं हे लक्षात ठेवा. आमची लेक मे महिन्यात मध्येच वर्गात बसली, आणि सुट्टी लागेपर्यंत रोज डबा न खाता परत आणायची.